पितळी गुंडाची मागची बाजू

मला टेबल हवं होतं, म्हणून गुंड गेला. हे आधीच सांगून टाकते. पुढे बऱ्याच लोकांबद्दल किळस येऊन लिहिणार आहे आणि त्यांत मी स्वतः राहून जायला नको.

गुंड म्हणजे पाणी भरायचा मोठा पितळी घडा. पोट फुगीर, गळा अरुंद, काठ बोटाएवढा जाड. आईला तो तिच्या लग्नात तिच्या आईने दिला. फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून त्यात पाणी भरायचं कारण उरलं नव्हतं, स्वयंपाकघरात फिल्टर बसला होता. तरी हॉलच्या खिडकीखाली लोखंडी तिवईवर तो असायचाच, आणि दर रविवारी आई त्याला चिंच-मीठ लावून घासायची. माझी नोकरी घरून करायची. दिवसभर पलंगावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन माझी मान धरायची. टेबल मावेल असा घरात तेवढाच एक कोपरा होता.

गुंडावर आजीने नाव घालून घेतलं होतं. नागपूरच्या इतवारी बाजारात भांडी घेतली की दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस छिन्नीने ठिपके ठोकून नाव घालून द्यायचा. आता विजेच्या पेनने देतो. लोक सहसा आद्याक्षरांवर भागवतात. आजीने तीन ओळी घालायला लावल्या. कोणी दिला, कोणाला दिला, गाव कोणतं. दोघींची नावं पूर्ण, आडनावांसकट. तो माणूस म्हणाला होता, एवढं कशाला बाई, दोन अक्षरं पुरे. आजी म्हणाली, "पाण्याचं भांडं आहे. कोणाचं आहे ते समजलं पाहिजे."

आजी लहान असताना गावच्या विहिरीला तिच्या आईने हात लावलेला चालत नसे. कोणाला वाटलं तर तो वरून ओतायचा, मग घागर भरायची. छप्पन साली घरची सगळी माणसं दीक्षेसाठी नागपूरला आली, बौद्ध झाली, आणि थोड्याच वर्षांत गाव सुटलं. हे सगळं आई गुंड घासता घासता सांगायची. मी ऐकायची, म्हणजे एका कानात इयरफोन असायचा.

विकायचा विषय मीच काढला. पहिल्यांदा आई गुंड घासत राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, "पाहू." तिसऱ्यांदा मी तिला जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर दाखवलं, लोक जुनी पितळी भांडी कशी घेतात, हॉलमध्ये सजवून ठेवतात, त्यांत मोठ्या पानांची झाडं लावतात.

"झाडं?" आई म्हणाली. "पाण्याच्या भांड्यात माती?"

"सगळे नाही लावत. काही जण नुसतं ठेवतात."

"चांगल्या घरी जाईल नं पण?"

"जाईल गं."

मौद्याजवळच्या वीज प्रकल्पात बाबा शिफ्टवर जातात. त्या दिवशी बूट काढता काढता त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "पाहा बापा, पोरीच्या आधी गुंडाचंच जमवून राहिले माय-लेकी."

आई हसली. मला तेवढं पुरलं. होकारच आहे असं मी धरलं.

फोटो मी काढले, बाल्कनीत, सकाळच्या उजेडात. एक समोरून, एक वरून, एक काठाचा जवळून, एक तिवईसकट. नावाची बाजू मी चारही फोटोंत भिंतीकडे केली.

याला कारण आहे, आणि ते मी घरात कधी बोलले नव्हते. धरमपेठेतल्या इंग्रजी शाळेत मी सहावीत असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले होते. तिच्या आईने हसून विचारलं, पूर्ण नाव काय बेटा? मी सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली. बाकी काही नाही. केक मिळाला, रिटर्न गिफ्टही मिळालं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि त्या 'अच्छा'त काय होतं ते माझं मला हळूहळू कळलं. तेव्हापासून मी पहिलं नाव सांगते आणि थांबते. कॉलेजात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, ॲपवर. कोणी पुढचं विचारलं तर मला तेव्हाच नेमका फोन येतो.

आईला मी सांगितलं की ॲपवर फोटोत कोणाचं नाव-गाव दिसलेलं चालत नाही. असा एक नियम आहे खरा. तो मी नंतर शोधून काढला.

चौथ्या दिवशी एका बाईचा मेसेज आला. दुसऱ्या मोठ्या शहरातली. प्रोफाइलच्या फोटोत पांढरा सोफा आणि मांडीवर मांजर. शुद्ध पितळ आहे का, वजन किती, पोचा आहे का, सगळं विचारलं. इंग्रजी छान होतं, वागणंही. शेवटी तिने लिहिलं, मागच्या बाजूचा एक फोटो पाठवाल का?

मी लिहिलं, मागची बाजू अगदी अशीच आहे. आणि पुढे हसरा चेहरा टाकला.

तिने लगेच ऑर्डर केली.

गुंड आम्ही जुन्या चादरीत गुंडाळला, भोवती वर्तमानपत्रं कोंबली, खाली किराणावाल्याकडून आणलेलं जाड खोकं. मी टेप लावणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब वं." आत जाऊन तिने मूठभर साखर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणली आणि गुंडाच्या तोंडातून आत सोडली.

"आई, हे काय?"

"रिकामं भांडं देते का कोणी कोणाले?"

"अगं विकलंय आपण. दिलं नाहीये."

"विकलं काय न् दिलं काय. कोणाच्या घरी चाललं नं?"

मी वाद घातला नाही. टेप लावली. कुरिअरवाला खोकं घेऊन जिना उतरला तेव्हा आई बाल्कनीत जाऊन उभी राहिली, टेम्पो वळेपर्यंत.

ॲपचा नियम असा होता की वस्तू पोचल्यावर दहा दिवस पैसे ॲपकडेच राहतात. तेवढ्यात घेणाऱ्याला वस्तू परत करायची असेल तर करता येते. विकणाऱ्याला असे दहा दिवस कोणी देत नाही. हे सगळं तिथे लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, आणि आपल्याला काय त्याचं, असं मनात म्हटलं होतं. आपण खोटं थोडीच विकतोय.

नवव्या दिवशी परतीची विनंती आली. कारणात लिहिलं होतं: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, अस्वच्छ, आत खाद्यपदार्थ, मुंग्या. सोबत दोन फोटो. एकात गुंडाच्या गळ्यातून आतली साखरेची पिशवी दिसत होती, फाडलेली. दुसऱ्यात फरशीवर सांडलेली साखर आणि खरंच मुंग्या. मी ते फोटो बराच वेळ पाहत बसले. पिशवीला आईने मारलेली गाठ तशीच होती, पिशवी मधूनच फाडली होती. मुंग्यांना यायला किती वेळ लागतो, सांडून ठेवली की? नऊ दिवस त्या बाईने काय केलं होतं?

मी इंग्रजीत व्यवस्थित उत्तर लिहिलं. साखर ही आमच्याकडची पद्धत आहे, भांडं स्वच्छ होतं, वगैरे. उत्तर पाठवायचं बटण दाबलं तेव्हा कळलं की परतीची विनंती मंजूर होऊन गेली होती. घेणाऱ्याने फोटो दिले की ती आपोआप मंजूर होते. माझं म्हणणं नोंदवून घेतल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले.

मला वाटलं आईला वाईट वाटेल. मी भीतभीत सांगितलं.

"म्हणजे परत येऊन राहिला?" आई म्हणाली.

"हो. पैसे नाही मिळणार आता."

"नको मिळू." तिचा चेहराच बदलला. "तिले साखर नाही पटली तं नाही पटली. येऊ दे आपला घरी."

तेव्हा मला समजलं की तिने तो कधी मनातून दिलाच नव्हता. माझ्या मानेसाठी दिला होता. तिने तिवई बाल्कनीतून आत आणली, पुसली, खिडकीखाली ठेवली. टेबल कुठे ठेवायचं ते मी विचारलं नाही. गुंड यायच्या दिवशी तिने सकाळीच वाटीत चिंच भिजत घातली. प्रवासात काळा पडला असेल म्हणाली.

दुपारी कुरिअरवाला आला. खोकं आमचंच होतं, किराणा दुकानाचं छापील नाव दिसत होतं, टेप मात्र दुसरी. तो घाईत होता. "मॅडम, ओटीपी बोला, खाली गाडी उभी आहे." मला म्हणायचं होतं की थांबा, आधी उघडून बघते, व्हिडिओ काढते. वाक्य तोंडाशी आलेलं होतं. तो मोबाइलवर अंगठा धरून माझ्याकडे बघत होता. मी आकडे सांगितले. दार लावलं.

टेप कापली आणि आधी वास आला. पोतेरं बादलीत चार दिवस विसरलं की येतो तो वास. आमची चादर नव्हती. एका काळ्या कचऱ्याच्या पिशवीत एक घडा होता, आणि त्याच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या, ओल्या. आईने एक चिंधी ओढली, तिच्यामागून दुसरी आली. बनियनचा तुकडा, मोज्यासारखं काहीतरी, त्यावर केस. माणसाचे की मांजराचे, मी पाहिलं नाही. तळाशी काहीतरी आपटत होतं. आईने घडा उलटा केला तर अर्धी वीट बाहेर पडली आणि तिच्याबरोबर विटकरी पाणी, आमच्या फरशीवर. बाथरूममध्ये जाऊन मी दोनदा ओकले.

परत आले तेव्हा आई तसल्या त्या पाण्यात बसून घडा फिरवून फिरवून पाहत होती.

"नाव कुठे आहे वं?"

"आई, हा आपला नाहीये."

"खोकं तं आपलंच आहे." तिने पदराने घड्याचं पोट पुसलं, एकदा पूर्ण फिरवला, मग परत उलट्या बाजूने. "नाव कुठे आहे?"

मी तो तिच्या हातातून काढून घेतला. पातळ पत्र्याचा, पिवळा मुलामा दिलेला, बुडाशी गंजलेला. आकार मात्र तसाच. विटेचं कारण मला नंतर कळलं. वजन. जाताना आणि येताना कुरिअरच्या पावतीवर वजन जुळायला हवं. म्हणजे पांढऱ्या सोफ्यावर बसणाऱ्या त्या बाईने वीट शोधली, वजन करून पाहिलं, कमी पडलं म्हणून चिंध्या ओल्या केल्या. मला चोरीपेक्षा या कष्टाची किळस आली. माझ्या डोळ्यांसमोर ती कुठून तरी मोजा उचलते आणि नळाखाली धरते.

मी ॲपच्या मदत केंद्राशी लिहून बोलले. फोनवर मला जमत नाही, लिहून जमतं. फोटो पाठवले, वीट, चिंध्या, दोन घड्यांमधला फरक मुद्देसूद लिहिला. आई शेजारी बसली होती. "तू इंग्लिशमध्ये शिकली नं. चांगलं सांग त्यायले. नावाचं सांग. नाव आहे म्हणा त्याच्यावर."

मी लिहिलं: आमच्या भांड्यावर नाव कोरलेलं आहे, परत आलेल्यावर नाही.

त्या बाजूला कोणी माणूस होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. उत्तर फार गोड होतं. ही वस्तू आपल्यासाठी किती महत्त्वाची आहे हे आम्ही समजू शकतो. परंतु आपण विक्रीसाठी टाकलेल्या फोटोंमध्ये कोरलेलं नाव आढळत नाही. घेणाऱ्याच्या फोटोंमध्येही आढळत नाही. शिवाय मागची बाजू समोरच्यासारखीच असल्याचं आपण स्वतः कळवलं आहे. वस्तू आपण स्वीकारल्याची नोंद आहे. विषय बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

घेणाऱ्याच्या फोटोंमध्येही आढळत नाही. मी ते तिचे दोन फोटो पुन्हा उघडले. पहिल्यात गुंड भिंतीला लावून ठेवला होता. तिनेही माझ्यासारखाच काढला होता फोटो. नावाची बाजू भिंतीकडे.

"काय म्हणे?" आईने विचारलं.

"बघतो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी आईने ठरवलं की इतवारीत जाऊन कोणा जाणकाराकडून लिहून आणायचं की हा घडा पितळेचा नाही. मला माहीत होतं याचा उपयोग नाही, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्यांमधून वाट काढत, तो घडा पिशवीत घालून आम्ही गेलो. एका म्हाताऱ्या दुकानदाराने घडा हातात घेतला, नखाने वाजवला आणि गल्ल्यातून लोहचुंबक काढून त्याला लावलं. ते चिकटून बसलं.

"बाई, हे पितळ असेल तं मी सोनार."

"लिहून द्याल का तसं?" आईने विचारलं.

"लिहून काय देऊ? लोखंड आहे, वरून पाणी चढवलं आहे. हे तं आंधळाही सांगन." मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्याने विचारलं, "फसले का कुठं?"

आईने त्याला सगळं सांगितलं, वीट, चिंध्या, साखरेसकट. तो मान हलवत राहिला. शेवटी आई म्हणाली, "पण आमच्या गुंडावर नाव आहे, तीन ओळी. ती ठेवून काय करन त्याले?"

"नावाचं काय. मशीनवर बफ मारला का दोन मिनटात घासून साफ. जुन्या मालाचं आम्हीही तेच करतो. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घेते कोण?"

आईने घडा परत पिशवीत घातला. ई-रिक्षात तो घडा माझ्या मांडीवर होता आणि धुऊनसुद्धा त्याला तो वास होताच. चौकात रिक्षा थांबली तेव्हा आईने विचारलं, "मागच्या बाजूचा फोटो काहून नाही काढला तू?"

"उजेड नव्हता तिकडून."

"चार फोटो काढले. एकातही उजेड नव्हता?"

मी रस्त्याकडे पाहत राहिले. मग बोलले. वाढदिवस, केक, अच्छा, सगळं. रिक्षावाला ऐकतोय का याचीच मला सारखी भीती वाटत होती, म्हणून मी इतक्या हळू बोलत होते की आईला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. त्याचीही मला आता लाज वाटते.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या बाईनं चोरी केली. तू काहून तिले मदत केली?"

घरी आल्यावर तिने भिजवलेली चिंच ओतून दिली. बाबांनी तो घडा उचलून बाल्कनीच्या टोकाला नेऊन ठेवला आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. त्यांना रिक्षातलं काही माहीत नव्हतं. "एवढी मेहनत," ते विटेबद्दल म्हणाले, "एवढ्यात तं नवा गुंड घेऊन होते माणूस."

ॲपवर शेवटचा एक अर्ज असतो, फेरविचाराचा. तो भरायला पूर्ण नाव लागतं, ओळखपत्राप्रमाणे. मी लॅपटॉप घेऊन बसले. टेबल अजून घेतलेलं नव्हतं, घेणारही नव्हते. आई येऊन पलंगाच्या कडेला बसली. मी पहिलं नाव लिहिलं. मग पुढचा रकाना भरला. आई बघत होती.

खाली एक चौकट होती: वस्तूची ओळखण्याची खूण.

"सांग," मी म्हणाले.

"काय?"

"तिन्ही ओळी. जशा आहेत तशा."

गुंड समोर असल्यासारखं खिडकीखालच्या रिकाम्या तिवईकडे बघत आई एकेक शब्द सांगत गेली. आजीचं नाव, आडनाव. चि. सौ. कां., मग आईचं नाव, नवं आडनाव. गाव. एका अक्षराचा काना अर्धवट ठोकला होता, तोही तिने सांगितला. मी मराठीतच टाइप केलं, कारण त्यावर मराठीतच आहे. मी पाठवला अर्ज.

उत्तर यायला मिनिटभरही लागलं नाही. आपला मजकूर वाचता आला नाही. कृपया इंग्रजीत लिहावं. मी इंग्रजीत लिहिलं. तेही त्यांनी नोंदवून घेतलं आणि आभार मानले. त्यानंतर काही आलेलं नाही. त्या बाईचं प्रोफाइल अजून आहे, मांजर आहे, सोफा आहे. आता फोटोत सोफ्याच्या मागे, भिंतीशी, काहीतरी पिवळं चमकतं आणि त्यातून मोठी हिरवी पानं वर आलेली दिसतात.

फोटो मोठा करून मी आईला दाखवला नाही. मीच पाहिला. गुंडाच्या पोटावर काही नाही, गुळगुळीत आहे. बफ मारला असेल, किंवा नसेलही मारला. ती बाजू भिंतीकडे असेल. मीही तशीच केली होती.